अण्णांची विलायती वहिवाट

आमचे घरमालक अण्णा तीन महिने इंग्लंडला राहून आले आणि लंडन न बघता आले, ही गोष्ट साताऱ्यातल्या आमच्या गल्लीला काही केल्या पचली नाही. लोक मुद्दाम घरी येत, खुर्चीत ऐसपैस बसत, आणि राणीचा राजवाडा पाहिला का, मेणाचे पुतळे पाहिले का, असं एकेक विचारत. अण्णा शांतपणे सांगत, "लंडन विमानातनं दिसलं की. लय घरं हाईत." मग पाहुणा विचारी, "अहो, मग तीन महिने केलंत काय?" त्यावर अण्णा म्हणत, "हिंडलो. रानात." पाहुणा चहा संपवून उठे आणि जाता जाता अण्णांच्या बायकोला, काकींना, हळूच विचारी की अण्णांची तब्येत बरी आहे ना.

नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ. मी मूळचा वाईचा, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला लागलो होतो आणि अण्णांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. ते मला कधी नावाने हाक मारत नसत, 'वाईकर' म्हणत. मी सडाफटिंग, रविवारी दहापर्यंत लोळत पडणारा. अण्णा परत आले आणि माझे रविवार संपले. सकाळी सकाळी दारावर काठी वाजायची आणि बाहेरून आवाज यायचा, "वाईकर, उठा. ऊन लय छान पडलंय." साताऱ्यात ऊन पडणं ही उठवण्याजोगी बातमी आहे, असं त्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

दार उघडलं की समोर अण्णा. डोक्यावर गांधी टोपी, अंगात स्वेटर, धोतर, आणि पायात गुडघ्यापर्यंतचे हिरवे रबरी बूट. हे बूट त्यांच्या जावयाने तिथल्या चिखलासाठी घेऊन दिले होते. ऑक्टोबरच्या उन्हात साताऱ्याच्या रस्त्यावरून ते बूट फटक फटक वाजवत निघाले की रिक्षावाले रिक्षा थांबवून बघत. एका म्हातारीने तर त्यांना नगरपालिकेचा माणूस समजून तिच्या दारातल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार सांगितली. अण्णांनी ती पूर्ण ऐकून घेतली, गटार पाहिलं, आणि सोमवारी खरोखरच नगरपालिकेत जाऊन सांगून आले.

अण्णांनी उभी नोकरी जमीन मोजण्यात घालवली होती. कोरेगावपासून जतपर्यंत त्यांनी साखळी ओढली होती, झेंडे रोवले होते, हद्दीचे दगड बसवले होते. दोन भाऊ बांधावरून भांडायला लागले की मोजणी मागवत आणि अण्णा जात. ते म्हणत, "मोजणी झाली की दोन्हीकडनं शिव्या आल्या पायजेत. एकाच बाजूनं आल्या तर मोजणीदारानं काय तरी खाल्लं म्हणून समजा." अण्णांना कायम दोन्हीकडून शिव्या आल्या. पाणीसुद्धा ते स्वतःच्या तांब्यातलं पीत, कुणाच्या घरी चहाला टेकत नसत. असा हा माणूस लेकीच्या घरी, यॉर्कशायरातल्या एका खेड्यात गेला आणि तिथे दुसऱ्याच दिवशी फिरायला बाहेर पडला.

ते वर्णन मी इतक्यांदा ऐकलं आहे की मीच जाऊन आल्यासारखं वाटतं. हिरव्यागार टेकड्या, त्यांच्यावर दूरवर चढत गेलेल्या दगडी ताली, म्हणजे रानांच्या हद्दीच्या भिंती, ना चुना ना सिमेंट, नुसता दगडावर दगड. मध्ये मेंढ्या. आणि त्या तालींमधून, लोकांच्या खाजगी रानातून, उभ्या पिकातून सरळ जाणारी पायवाट. तिच्यावर कुणीही चालावं. ताल आडवी आली की तिच्यात पाय ठेवायला दगडी पायऱ्या काढलेल्या. "भिंत बी हाय आन् वाट बी हाय," अण्णा हात हलवत सांगत. "आपल्याकडं एक तर भिंत असती, न्हाईतर वाट असती, न्हाईतर दोन्हीवरनं कोर्ट असतंय." आपल्याकडच्या वहिवाटीसारखंच ते असतं, असं ते समजावून सांगत, वर्षानुवर्षं माणसं चालत आली म्हणून पडलेला हक्क. फरक एवढाच, की तिथे वाट मोडली तर मोडणाऱ्यालाच लाज वाटते.

पहिल्या दिवशी त्यांनी बार्लीच्या उभ्या पिकात पाय टाकायचं साफ नाकारलं होतं. लेक म्हणाली, अण्णा, ही वाटच आहे, पाटी आहे बघा. अण्णा म्हणाले, मालकाला इचारल्याशिवाय मी कुणाच्या रानात शिरत न्हाई. तेवढ्यात मालक ट्रॅक्टर घेऊन आला. अण्णांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि सरकारी अर्जात कमावलेलं सगळं इंग्रजी गोळा करून म्हणाले, "रिस्पेक्टेड सर, काइंडली ग्रँट परमिशन." त्या गड्याने ट्रॅक्टर बंद केला. हवा छान आहे म्हणाला. मग टेकडीकडे बोट करून म्हणाला, वरपर्यंत जा, वरून फार सुंदर दिसतं, उजेड आहे तोवर बघून घ्या. एवढं बोलून निघून गेला.

ही गोष्ट सांगताना अण्णा दरवेळी चालायचे थांबत. "वाईकर, शेतकरी गडी. सोताच्या रानातनं मला वर जावा म्हणतोय. का, तर छान दिसतंय म्हणून. मी हजारभर शेतकऱ्यांच्या बांधावर उभा राहिलो असंन. पर कुणी मला म्हनलं न्हाई, अण्णा, वर बघा, छान दिसतंय."

अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ज्याला त्यांच्यात अंथऊ म्हणतात, हा नेम त्यांनी नोकरीभर कसाबसा सांभाळला होता. पायपीट करून मुक्कामाला पोचेपर्यंत दिवस बुडायचा आणि अण्णा उपाशी झोपायचे. इंग्लंडात उन्हाळ्यात सूर्य साडेनऊपर्यंत मावळायचं नाव घेत नाही. टेकडीवर मनसोक्त हिंडून, घरी येऊन, हातपाय धुऊन सावकाश नऊला जेवायचं आणि तरी नेम शाबूत. "धर्म पाळाया त्येच्याइतका सोपा देस न्हाई," असं ते मंदिरातल्या मंडळींनाही सांगत. एकाने हिवाळ्यात तिथे दिवस चारलाच मावळतो असं निदर्शनास आणलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हणून तर उन्हाळ्यात गेलतो."

पण अहिंसेने त्यांची पंचाईत केली. पाऊस पडून गेला की तिथल्या पायवाटांवर गोगलगाई निघत. अण्णा वाकत, एकेक गोगलगाय पानावर उचलून कडेला ठेवत, मग पुढचं पाऊल टाकत. लेक कंटाळून पुढे निघून जाई. एकदा दोन इंग्रज म्हाताऱ्या मागून आल्या. त्यांना वाटलं, याचं काही हरवलं आहे. त्याही वाकून शोधायला लागल्या. "स्नेल, मॅडम, स्नेल," असं अण्णांनी सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि मग तिघांनी मिळून अख्खी वाट साफ केली. अण्णांच्या मते इंग्रजांचं राज्य गेलं ते बरं झालं, पण म्हाताऱ्या ठेवून घ्यायला हव्या होत्या.

आणखी एका गोष्टीने त्यांना अचंबा वाटला होता. टेकडीच्या माथ्यावर बाकडं असे आणि बाकड्यावर कुणा गेलेल्या माणसाचं नाव असे. खाली लिहिलेलं, की या माणसाला इथून दिसणारा देखावा आवडायचा. अण्णा प्रत्येक बाकडं लेकीकडून वाचून घेत. "आपल्याकडं गेलेल्याच्या नावानं काय देत्यात? शाळेला पंखा. मंदिराला घड्याळ. आन् हितं बघा, बाबाला देखावा आवडायचा म्हणून बाकडं. मी तितं बसलो आन् इचार केला, माझ्या मागं लोक काय म्हणतील मला काय आवडायचं? हद्दीचा नंबरी दगड?"

तर हे असं सगळं मनात घेऊन अण्णा परत आले होते आणि मेढ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या टेकड्यांत ते यॉर्कशायर शोधत होते. टेकड्या होत्या, ताली होत्या, भात कापणीला आलेलं होतं. मलाही हळूहळू ते आवडायला लागलं होतं, पण हे मी त्यांना कळू दिलं नाही. अडचण एकच होती. धोतर, टोपी, रबरी बूट, हातात काठी, काखेत थर्मास असा एक म्हातारा आणि त्याच्या मागे पॅंट घातलेला एक तरुण रानातून चालतो आहे, मध्येच थांबून लांबवर टक लावून बघतो आहे, हे दृश्य आमच्याकडच्या शेतकऱ्याला एकाच कारणाने दिसतं.

एका वाडीपाशी बाया कापणी सोडून उभ्या राहिल्या. एक म्हातारा धावत आला. "सायेब, किती जातंय आमचं?"

"काय?" अण्णा म्हणाले.

"रान. धरणात जातंय का रस्त्यात?"

"काय जात न्हाई. आमी देखावा बघाया आलोय."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि समजुतीने मान हलवली. "तुमाला सांगायचं नसतंय, आमाला कळतंय की."

मग आम्हाला घोंगडं टाकून बसवलं. लिंबाचं सरबत आलं. अण्णांनी नेमाप्रमाणे ते घेतलं नाही, त्यामुळे हा साहेब कडक आहे असा बोभाटा झाला आणि माणसं वाढली. म्हाताऱ्याच्या शेजारचा त्याचा चुलत भाऊ अण्णांना बाजूला घेऊन म्हणाला, "लाईन जरा पल्याडनं न्या. तितं नुसता मुरूम हाय." तो सरकताच म्हातारा आला आणि त्याने तेच सांगत बोट उलट्या दिशेला दाखवलं. अण्णा परोपरीने सांगत होते, मी रिटायर झालोय, मला हिरवं बघायचंय. त्यांना पटावं म्हणून त्यांनी काठीने समोरची टेकडी दाखवली, ऊन कसं तिरकं पडलंय ते दाखवलं. सगळ्यांनी मुकाट्याने बघितलं.

इथवर निभावलं असतं. पण ते दोघे भाऊ आम्हाला सडकेपर्यंत पोचवायला निघाले आणि वाटेत अण्णांची काठी बांधावरच्या एका दगडापाशी थांबली. सवयीने ते खाली बसले, माती उकरली, आणि बोलून गेले, "ह्यो दगड हितला न्हाई. कुणीतरी सरकीवलाय."

म्हाताऱ्याने चुलत भावाकडे बघितलं. चुलत भावाने टेकडीवरच्या उन्हाकडे बघितलं. मग जे सुरू झालं त्यात त्यांच्या आज्ज्यापर्यंतचा उद्धार झाला. आम्ही थर्मास उचलून काढता पाय घेतला. अण्णा रबरी बुटांत पळताना मी प्रथमच पाहिले.

एसटीत ते खिडकीतून मागे पडणारे बांध बघत होते. सातारा जवळ आल्यावर म्हणाले, "सगळी नोकरी खाली बघण्यात गेली, वाईकर. आता झाड बघायचं म्हनलं तरी नजर बांधाला जाती. तिकडं तसं न्हवतं. तिथला एक बी दगड माझ्या वळखीचा न्हवता, म्हणून मला वरचं दिसलं."

घरी काकींना हे कळल्यावर त्या हसल्या नाहीत. हाताचं पीठ परातीत झटकत म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बांधावर हिंडतायसा. सोताच्या बांधावर कवा जाणार?" अण्णा उठून आत गेले. मग काकींनी मला सांगितलं ते असं.

अण्णांचं गाव कुंडल. तिथे वडिलार्जित रान, दोघा भावांत वाटून झालेलं. अण्णांचा तुकडा सडकेला लागून आणि थोरल्या भावाचा त्याच्या मागे. भाऊ मागच्या रानातच घर करून राहायचे आणि त्यांचं सगळं येणंजाणं अण्णांच्या तुकड्यातून असायचं. पुढे कधीतरी चिंचेच्या एका फांदीवरून शब्दाला शब्द वाढला. अण्णांनी रीतसर मोजणी मागवली. नकाशात वाट नव्हती. कागदोपत्री अण्णांचं सोळा आणे खरं होतं, म्हणून त्यांनी काटेरी तार ठोकली. तेव्हापासून भाऊ आणि वहिनी ओढ्याच्या अंगाने वळसा घालून सडकेला येत. पावसाळ्यात ओढ्याला गुडघाभर चिखल. वहिनी तेवढ्यातून डोक्यावर वैरणीचा भारा आणायच्या. भाऊ पुतणीच्या लग्नालासुद्धा आले नव्हते.

"ह्यांच्या हातनं हजार वाटा काढून झाल्या," काकी म्हणाल्या, "आन् घरची तेवढी मोडली."

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. अंथवाची वेळ टळून गेली होती. पुढच्या रविवारी काठी वाजली ती नेहमीपेक्षा लवकर. "वाईकर, आज कुंडलला जाऊ या." कऱ्हाडला गाडी बदलून आम्ही पोचलो आणि अण्णांनी स्वतः पकड घेऊन ती तार कापायला सुरुवात केली. ती मांडवाला बांधतात तशी पक्की आवळलेली होती. "मीच आवळलीय," ते घाम पुसत म्हणाले, "मोजणीदाराची गाठ हाय."

मग त्यांच्यातलं यॉर्कशायर जागं झालं. नुसती तार काढून ते थांबतात कुठले. गावातल्या सुताराला बोलावून त्यांनी सडकेच्या बाजूला लाकडी फाटक करायला सांगितलं. तिथल्यासारखं, म्हणजे माणूस एका वळणाने आत जाईल पण गुरं शिरणार नाहीत, असं. सुताराला माप मातीत रेघा ओढून दाखवलं. मग स्वतःच थांबले, रेघा पुसल्या आणि ऐसपैस केल्या. "येवढं रुंद?" सुतार म्हणाला. अण्णा म्हणाले, "वैनींचा भारा लय रुंद असतोय." सुताराने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि तो कामाला लागला.

फाटकाला हिरवा रंग दिला. पाटी लावली, 'पायवाट. सर्वांना खुली.' कुंडलात अशी पाटी कुणी कधी पाहिली नव्हती. कुणीही फुकट काही खुलं करत नाही, हे गावाला ठाऊक होतं, त्यामुळे कारणं शोधायला सुरुवात झाली. अण्णा ग्रामपंचायतीला उभे राहणार, हा पहिला अंदाज. दुसरा, की ते प्लॉट पाडून विकणार आणि हा त्याचाच रस्ता. एक जण तर कोपऱ्यावरचा प्लॉट मला ठेवा असं सांगून गेला. लोक मात्र वाटेने चालायला लागले. शाळेची पोरं, घागरी घेऊन जाणाऱ्या बाया, आणि जाता जाता ऊस मोडून खाणारे गडी. अण्णा रविवारी फाटकाशेजारी बसून सगळ्यांना नमस्कार घालत आणि म्हणत, आज ऊन छान पडलंय. ऊस खाल्ल्याबद्दल ते कुणाला बोलले नाहीत, पण मोडलेल्या कांड्यांकडे ते बघत नसत असंही नाही.

सगळं गाव चाललं, भाऊ चालले नाहीत. उलट त्यांनी आपल्या हद्दीवर स्वतःची तार ठोकली. आता अण्णांची वाट सडकेपासून निघून थेट त्या तारेवर जाऊन आपटत होती. भाऊ आणि वहिनी पूर्वीसारखेच ओढ्याने जात राहिले, तेही अण्णा फाटकापाशी बसलेले दिसतील अशा बेताने.

अण्णांनी सुतारामार्फत 'वाटेनं ये' असा निरोप धाडला. भावाचा उलटा निरोप आला आणि तो ऐकून अण्णा चिंचेखाली जाऊन बसले. भाऊ म्हणाले होते, "त्येला म्हणावं, मी खुळा न्हाई. आमच्या वहिवाटीचा हक्क हाय. त्येच्या परवानगीनं येकदा चाललो की हक्क बुडाला, हे मला म्हाईत हाय. त्येनंच शिकीवलंय."

"खरं हाय का?" मी विचारलं.

"कायद्यानं खरं हाय," अण्णा म्हणाले. "मीच सांगितलंतं त्येला. दुसऱ्या कुणाच्या तरी वाटेबद्दल. दोघं येका ताटात जेवत हुतो तवा."

त्यांनी स्टॅंपपेपरवर लिहून द्यायची तयारी दाखवली. भाऊ म्हणाले, लिहिण्यात तर तो जास्तच हुशार आहे. ज्याने उभ्या जन्मात दोन्हीकडच्या शिव्या खाऊन कुणाची वीतभर जमीन इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याच्या शब्दावर घरचाच माणूस विश्वास ठेवेना. एवढं मोठं दुःख मी त्यांना झालेलं पाहिलं नव्हतं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. साताऱ्यातली काठी वाजायची बंद झाली आणि रविवारी दहापर्यंत झोपूनही मला झोप लागेना.

श्रावण निम्मा झाला असताना मीच एका रविवारी त्यांच्या दारावर टकटक केली आणि म्हणालो, "अण्णा, ऊन पडलंय." पडलं नव्हतं. चांगला पाऊस भुरभुरत होता. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, बूट चढवले, आणि आम्ही कुंडलला गेलो.

फाटकाशी पोचल्यावर ते आत वळले नाहीत. सरळ सडकेने पुढे गेले आणि ओढ्यात उतरले. मी मागून म्हणालो, "अण्णा, इकडून कशाला?" ते म्हणाले, "दादा ज्या वाटेनं जातोय त्याच वाटेनं जाऊ."

ती वाट मी जन्मात विसरणार नाही. चार पावलं टाकली की पाय पोटरीपर्यंत रुते. बाभळीच्या फांद्यांना धरावं तर हात फाटत. विलायती बूट पहिल्याच वळणावर चिखलात गच्च रुतले, तेव्हा अण्णांनी पाय उपसून काढले आणि ते तसेच टाकून अनवाणी निघाले. इतकी वर्षं वळसा म्हणजे नकाशावरची एक रेघ, एवढंच ते समजून होते. अर्ध्यात एका दगडावर टेकून त्यांनी दम घेतला. "भारा डोक्यावर घेऊन," ते म्हणाले आणि उठून पुन्हा चिखलात उतरले.

भावाच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा दोघंही मांडीपर्यंत मातीने लडबडलेले होतो. भाऊ ओट्यावर दोरी वळत बसले होते. अण्णांसारखेच दिसायला, फक्त उन्हाने जास्त रापलेले. वहिनी आतून आल्या, बघितलं, आणि पाण्याची घागर आणून अण्णांच्या पायांवर ओतायला लागल्या. अण्णांनी घागर धरायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला.

"कागद आणलाय काय?" भाऊ दोरीवरून नजर न काढता म्हणाले.

"न्हाई. मागाया आलोय."

भावाचे हात थांबले.

"तुज्या रानाच्या मागं टेकडी हाय," अण्णा म्हणाले. "तितं जायाला दुसरीकडनं वाट न्हाई. तुज्या रानातनं जाऊ देशील का मला?"

"टेकडीवर काय हाय?"

"वरनं छान दिसतंय."

भावाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. साताऱ्यातल्या पाहुण्यांना जो प्रश्न पडायचा तोच त्यांनाही पडला असावा. पण सगळा जन्म ज्याने आपल्याला कायदा सांगितला, तो धाकटा भाऊ चिखलात भरून येऊन आपल्याकडे काही मागतो आहे, हे त्यांना हळूहळू उमगत गेलं. त्यांनी दोरी खाली ठेवली.

"न्हाई म्हनलं तर?"

"तर ओढ्यानं परत जाईन. तुजं रान हाय."

"चल," भाऊ उठत म्हणाले. "निसरडं झालंय. मी फुडं हुतो."

आम्ही टेकडी चढलो. पाऊस थांबला होता. खाली उसाचा हिरवागार पट्टा, त्याच्या मधून सडक, लांबवर कारखान्याची चिमणी, ओलसर ऊन. मी तिथे पूर्वी कधी आलो नव्हतो. कुंडलात जन्म काढलेले भाऊही, बहुतेक म्हशीच्या शोधात सोडलं तर, वर आलेले नसावेत. बराच वेळ ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"हितनं बांध दिसत न्हाई," भाऊ म्हणाले.

"मला दिसतोय," अण्णा म्हणाले.

भाऊ हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलेपर्यंत हसले, आणि ते हसतात हे बघून अण्णांनी डोळे पुसले. अण्णांना मी तेव्हाच प्रथम रडताना पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

उतरताना भाऊ ओढ्याकडे वळले नाहीत. हद्दीपाशी येऊन त्यांनी आपल्या तारेचा एक खांब हलवून हलवून उपटला, तार पायाखाली दाबून धरली आणि आम्हाला पुढे काढलं. मग स्वतःही आले. उसातून, त्या रुंद फाटकातून, सडकेपर्यंत. सडकेवर त्यांचं काही काम नव्हतं. तरी ते थांबले. दोघे भाऊ अंतर ठेवून उभे राहिले आणि यंदा उसाला तांबेरा कसा पडलाय, त्यावर काय फवारावं, एवढंच बोलत राहिले.

पाऊस पुन्हा भुरभुरू लागला आणि कऱ्हाडची गाडी आली. कंडक्टरने दार उघडून धरलं आणि म्हणाला, "चला आवं, भिजतायसा कशाला?"

अण्णांनी भावाकडे बघितलं. भाऊ तांबेऱ्याबद्दलच बोलत होते.

"जावा तुमी फुडं," अण्णा कंडक्टरला म्हणाले. "आमाला वेळ हाय."

गाडी गेली. सकाळी मला पहिल्या पाळीला हजर व्हायचं होतं, आणि त्यानंतरची गाडी कधी आहे हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.